हाक एकाला, ओ दुसऱ्याची

मामांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती उकरायला घेतली. धाराशिव जिल्ह्यातलं त्यांचं रान, भाद्रपदातली उघडीप, कमरेला लागेल एवढी ज्वारी. तिच्या बुडाशी वीतभर उंचीची, अरुंद खरखरीत पानांची, बारीक पांढऱ्या फुलांची झाडं उभी होती. शहरातून आलेल्या कुणी ती रानफुलं म्हणून खुडून हातात धरली असती. मी एक उपटायला वाकले तर मामांनी थांबवलं. "ओढलं की तुटतंय. मग खालचा धंदा दिसत न्हाई."

मातीचा अख्खा गड्डा त्यांनी बादलीत बुडवला आणि हलक्या हातानं हिंदळला. पाणी गढूळ झालं, माती सुटली आणि मुळं उघडी पडली. ज्वारीची मुळं पिवळसर, चिवट. त्यांत गुंतलेली दुसरी मुळं पांढरीफटक आणि ठिसूळ, बोटानं दाबली तरी मोडणारी. जिथे पांढरं मूळ ज्वारीच्या मुळाला जाऊन भिडलं होतं तिथे मोहरीएवढी गाठ होती. मामांनी नखानं ती गाठ सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटली नाही. दोन झाडं तिथे एकच झाली होती.

हा टारफुला. शंकर पाटलांनी आपल्या कादंबरीला हेच नाव दिलं, म्हणून ज्वारीचं रान कधी न पाहिलेल्या मराठी वाचकालाही हा शब्द ओळखीचा आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला स्ट्रायगा म्हणतात. बांडगूळ फांदीवर बसतं, अमरवेल अंगाला वेटोळे घालते. दोघं चोऱ्या करतात त्या उजेडात. टारफुल्याचं सगळं जमिनीखाली चालतं. तो ज्वारीच्या मुळातून पाणी, क्षार आणि साखर ओढतो. वर उगवून हिरवी पानं काढतो तेव्हा स्वतःपुरतं थोडंफार अन्न शिजवतोही, पण तोवर नुकसान बहुतेक होऊन गेलेलं असतं. "वर दिसतंय तवा दाणा खाऊन झालेला असतोय, बाई," मामा म्हणाले.

मग त्यांनी सहज एक वाक्य टाकलं. ह्या लेखासाठी मी पुढे जे काही वाचलं, विचारलं, त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली. ते म्हणाले, "कापूस घेतला की फुडल्या सालाला टारफुला कमी असतोय. का, ते काय आमाला सांगता यायचं न्हाई."

टारफुल्याचं बी बघायचं तर भिंग लागतं. ते मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं; चिमटीत घेतलं तर तपकिरीची पूड वाटावी. एका झाडावर अशा हजारो बिया धरतात आणि त्या जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतात. इतक्या बारीक बियांत शिदोरी अशी नसतेच. उगवल्यावर काही दिवसांच्या आत यजमानाच्या मुळाला भिडता आलं नाही तर कोंब मरतो, आणि त्याची धाव काही मिलिमीटरांचीच. म्हणून हे बी नुसत्या पावसावर उगवत नाही. ओल आणि ऊब ह्यांत ते आठवडा-दोन आठवडे तयार होतं आणि मग वाट पाहत राहतं. जवळून एखादं मूळ गेलं आणि त्या मुळातून एक विशिष्ट रसायन झिरपलं, तरच ते फुटतं.

हे रसायन कोणतं, ह्याचा शोध अमेरिकेत लागला, आणि तोही गरजेपोटी. 1956 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या मक्याच्या शेतात टारफुला सापडला आणि तिथल्या शेतीखात्याची झोप उडाली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याशी शेतकरी एकटा झुंजत होता, त्याच्यासाठी तिथे विलगीकरणाचे कायदे झाले, संशोधनकेंद्र उभं राहिलं. रसायनशास्त्रज्ञ सी. ई. कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये मुळांच्या झिरपणीतून एक पदार्थ वेगळा काढल्याचं जाहीर केलं. पुढे त्याला स्ट्रायगोल हे नाव मिळालं. ह्या सहकाऱ्यांत मन्रो वॉलही होते. कर्करोगावरच्या टॅक्सॉल ह्या औषधाशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. स्ट्रायगोलची मात्रा इतकी सूक्ष्म, की त्याची पूर्ण रचना हाती यायला 1972 उजाडलं.

पण ते त्यांनी ज्वारीच्या किंवा मक्याच्या मुळांतून काढलं नव्हतं. काढलं होतं कापसाच्या मुळांतून.

मामांच्या कोड्याचा अर्धा उलगडा इथे आहे. टारफुला कापसावर जगू शकत नाही. कापसाचं मूळ मात्र तेच रसायन सोडतं, बी फसतं, उगवतं, आणि धरायला योग्य मूळ न मिळाल्यानं मरतं. एका हंगामात जमिनीतला साठा तेवढा कमी होतो. ह्याला संशोधक आत्मघाती उगवण म्हणतात. अमेरिकेत पुढे हीच युक्ती दुसऱ्या मार्गानं वापरली गेली. केळी-आंबे पिकवणारा इथिलीन वायू टारफुल्याच्या बियांनाही जागं करतो हे कळल्यावर तो यंत्रानं जमिनीत सोडला गेला. तण मारणं, वाहतुकीवर निर्बंध आणि हा वायू, ह्या सगळ्याच्या जोरावर पावणेदोन लाख हेक्टरांच्या आसपास पसरलेला टारफुला अगदी थोड्या क्षेत्रावर आला. वायूचं यंत्र मामांच्या रानात येणार नाही. कापूस मात्र आधीच आलेला होता.

उरलेला अर्धा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कापूस हे रसायन बनवतोच का? ज्वारी का बनवते? आपल्या वैऱ्याला उठवणारी वस्तू घाम गाळून तयार करायची आणि मातीत सोडून द्यायची, हा तोट्याचा व्यवहार कोणतं झाड लाखो वर्षं करत राहील? 1966 नंतर कितीतरी वर्षं स्ट्रायगोलचा अभ्यास ह्या तणाच्या अंगानंच होत राहिला. हे रेणू झाडाच्या स्वतःच्या कोणत्या कामाचे, ह्याचं उत्तर मिळायला 39 वर्षं लागली.

ते उत्तर जपानमधून आलं. ओसाका प्रीफेक्चर विद्यापीठातले कोहकी आकियामा आणि त्यांचे सहकारी टारफुल्यावर काम करतच नव्हते. त्यांचं लक्ष होतं मुळांतल्या बुरशीवर. आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात मायकोरायझा नावानं जी पाकिटं मिळतात, त्यांतली बुरशी ह्याच कुळातली. जमिनीवरच्या वनस्पतींपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त वनस्पती तिच्याशी घरोबा करतात. बुरशीचे तंतू मुळाच्या पेशींत शिरतात आणि तिथे झाडासारख्या फांद्या-उपफांद्या काढतात. मुळाला पोहोचता येणार नाही अशा मातीतल्या कानाकोपऱ्यातून ते स्फुरद गोळा करून आणतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. 2017 मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली: ह्या बुरशीला स्वतःची चरबीसुद्धा पहिल्यापासून बनवता येत नाही. तेल-साखर दोन्ही झाडाच्या घरचं. त्यामुळे ह्या बुरशीला मुळाशिवाय जगताच येत नाही. बीजाणू उगवला, चार तंतू निघाले, मूळ मिळालं नाही की संपलं.

टारफुल्याच्या बियाचीही हीच अडचण, हे इथे ध्यानात यावं.

मूळ जवळ आल्यावर बुरशीचा सरळ वाढणारा तंतू एकाएकी फाटे फोडू लागतो, हे संशोधकांना माहीत होतं. ज्या रसायनामुळे असं होतं त्याला ते फांद्या फोडणारा घटक म्हणत, पण तो हाताला लागत नव्हता, कारण त्याचीही मात्रा पिकोग्रॅमात, म्हणजे ग्रॅमच्या लाखकोटीव्या हिश्शात मोजायची. आकियामांच्या गटानं लोटस जापोनिकस ह्या शेंगवर्गीय रोपाच्या मुळांतून तो वेगळा काढला. 2005 मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. घटक निघाला 5-डीऑक्सीस्ट्रायगोल. स्ट्रायगोलचाच सख्खा भाऊ.

म्हणजे हाक होती बुरशीला. टारफुला ती चोरून ऐकत होता.

हा निबंध मी पहिल्यांदा समजून घेतला त्या दिवशी मला मामांच्या बादलीतली ती न सुटणारी गाठ आठवली आणि वाईट वाटलं. ज्वारीनं भूक लागली म्हणून जुन्या सोबत्याला बोलावलं आणि ओ दिली भलत्यानंच. सोबत किती जुनी? स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशींसकट जपल्या गेल्या आहेत. त्यांना धड मुळंही नव्हती, पण त्यांच्या पेशींत ह्या बुरशीच्या फांद्या आहेत. हरभऱ्या-तुरीच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी आपल्या शेतकऱ्याला पाठ असतात. त्या गाठी करणाऱ्या जिवाणूंशी झाड ज्या यंत्रणेनं बोलतं, तिचा मोठा भाग ह्या बुरशीसाठी आधीच तयार झालेल्या यंत्रणेतून घेतलेला आहे. बुरशी आधीची, जिवाणू नंतरचे.

आकियामांच्या निबंधाच्या शीर्षकात एक चूक राहून गेली होती. ह्या रेणूंना त्यांनी सेस्क्विटर्पीन म्हटलं होतं, कारण आकारावरून तसं वाटत होतं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथल्या हारो बाउमीस्टर ह्यांच्या गटानं दाखवलं, की हे रेणू येतात कॅरोटिनॉइडांपासून, म्हणजे गाजराला केशरी आणि मक्याला पिवळा करणाऱ्या रंगद्रव्यांपासून. पुरावा होता मक्याच्या काही बिघडलेल्या वाणांचा. त्यांना कॅरोटिनॉइड नीट बनवता येत नव्हतं, आणि त्यांच्या मुळांच्या झिरपणीनं टारफुल्याचं बी फारसं उगवतही नव्हतं.

रंगापासून निरोपापर्यंतची ही वाट टप्प्याटप्प्यानं उलगडली, आणि वनस्पती-जीवरसायनाचं काम कसं चालतं हे तिच्यावरून छान दिसतं. केशरी बीटा-कॅरोटीन हा लांबलचक सरळ साखळीचा रेणू. पहिलं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या साखळीला एका ठरावीक जागी मुरड घालतं. दुसरं तिथेच तोडतं. तिसरं उरलेल्या तुकड्याची अशी काही मोडतोड आणि जुळणी करतं, की त्यातून अगदी नवाच रेणू उभा राहतो. हे शोधणाऱ्यांत सलीम अल-बाबिली होते. डोळ्यांना अ जीवनसत्त्व मिळावं म्हणून घडवलेल्या सोनेरी तांदळाच्या कामातही ते होते. त्यांच्या गटानं ही तिन्ही विकरं परीक्षानळीत एकत्र आणली, त्यात बीटा-कॅरोटीन घातलं, आणि 2012 मध्ये त्या नव्या रेणूचं नाव जाहीर केलं: कार्लॅक्टोन. नळीत सापडलेला हा रेणू जिवंत झाडातही असतो, हे दोन वर्षांनी सिद्ध झालं. कार्लॅक्टोनवर पुढची विकरं आणखी हात फिरवतात आणि प्रत्येक पीक आपापल्या पद्धतीचा स्ट्रायगोलॅक्टोन तयार करतं. ह्या सगळ्या कुळाला स्ट्रायगोलॅक्टोन हे नाव लॅरी बटलर ह्यांनी 1995 मध्ये दिलं. बटलर ह्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ती मुरड घालणारी आणि तोडणारी विकरं सापडली कुठे? भातात, वाटाण्यात, अशा बुटक्या वाणांत, ज्यांना बेसुमार फुटवे येतात. 2008 मध्ये फ्रान्स आणि जपानमधल्या दोन गटांनी 'नेचर'च्या एकाच अंकात दाखवलं, की स्ट्रायगोलॅक्टोन झाडाच्या आतही काम करतो. तो फुटव्यांना आवरतो. भातशेती करणाऱ्या कुणालाही ह्यातला हिशेब लगेच पटेल. जमिनीत स्फुरद कमी पडलं की झाड हा रेणू जास्त बनवतं. तोच रेणू वर जाऊन सांगतो, फुटवे आवरा, खायला कमी आहे. आणि खाली मातीत जाऊन बुरशीला सांगतो, ये, स्फुरद आण. घरात टंचाई आली की खर्चही आवरायचा आणि पाहुण्यालाही मदतीला बोलवायचं, ही दोन्ही कामं एकाच निरोपात.

टारफुला हलक्या, उपाशी रानात जास्त का माजतो, त्याचं एक मोठं कारण हेच. जिथे खत नाही तिथे ज्वारी जास्त मोठ्यानं हाक मारते. ज्याच्याकडे आधीच कमी, त्याच्याच रानात हे तण जास्त, ह्या गोष्टीचा मला प्रत्येक वेळी नव्यानं त्रास होतो.

आणि टारफुल्याचे कान किती तिखट असावेत? बहुतेक वनस्पतींत एक ग्राहक प्रथिन असतं, त्याची ओळख झाली ती धुरामुळे. वणवा लागून गेल्यावर धुरातली काही रसायनं मातीत उतरतात आणि त्यांच्या खुणेवर काही बिया उगवतात. टारफुल्यानं ह्याच प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती वाढवल्या आणि त्यांतल्या काही स्ट्रायगोलॅक्टोन ऐकण्यासाठी वळवल्या. 2015 मध्ये हे उघड झालं. त्यांतलं एक ग्राहक प्रथिन इतकं संवेदनशील आहे, की पाण्यात जवळजवळ नसल्यासारखा विरलेला रेणूही त्याला पुरतो.

आता बटलर, आणि त्यांच्यासोबत गेबिसा एजेटा. एजेटा जन्मले 1950 मध्ये इथिओपियात, गवतानं शाकारलेल्या एका खोलीच्या घरात. शाळा वीस किलोमीटरवर. रविवारी संध्याकाळी चालत जायचं, आठवडाभर तिकडे राहायचं, शुक्रवारी चालत परत. ज्वारी त्यांच्याकडे आपल्यासारखीच भाकरीचं धान्य, आणि आफ्रिकेतला टारफुला आपल्याकडच्यापेक्षा दांडगा, जांभळ्या फुलांचा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात एजेटा पैदासकार म्हणून काम करू लागले तेव्हा तिथे बटलर हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. पैदासकार शेतात बघतो: कोणतं वाण तगलं, कोणतं गेलं. पण टारफुला शेतात सारखा पसरलेला नसतो; एखादं वाण तगलं ते अंगच्या गुणानं की त्या पट्ट्यात बी कमी होतं म्हणून, हे कळत नाही. बटलर-एजेटा जोडीनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न काचेच्या बशीत आणला.

ही चाचणी साधी आहे, आणि तिच्या साधेपणावर माझा जीव जडला आहे. बशीत पातळ अगार ओतायचं, त्यात तयार केलेलं टारफुल्याचं बी पसरायचं. ज्वारीचं नुकतं मोड आलेलं रोप घेऊन त्याचं मूळ अगारमधून बशीभर वाढू द्यायचं. काही दिवसांनी बशी भिंगाखाली धरायची. मुळाभोवती बारीक पांढरे केस फुटल्यासारखे दिसतात. ते टारफुल्याचे कोंब. मुळापासून सगळ्यांत लांबचं उगवलेलं बी शोधायचं आणि पट्टी लावायची. दहा मिलिमीटरच्या पुढे असेल तर हे वाण मोठ्यानं हाक मारतं. आत असेल तर हळू. एवढंच. ह्या पट्टीच्या जोरावर एसआरएन-39 ह्या वाणाचा हळू आवाज पारखला गेला, तो गुण उंच उत्पन्नाच्या वाणांत आणला गेला, आणि गोबिये, अबशीर अशी वाणं इथिओपियाच्या शेतकऱ्यांपर्यंत गेली. 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार एजेटांना मिळाला. बटलर ते बघायला नव्हते. 1997 मध्येच ते गेले.

हळू आवाजाचं कारण मात्र 2017 पर्यंत थांबलं. एजेटांच्या गटानं बाउमीस्टर ह्यांच्या गटासोबत ते जनुक शोधलं. प्रतिकारक वाणांत ते जनुक निकामी आहे किंवा मुळात नाहीच. आणि गंमत अशी, की अशी ज्वारी गप्प बसलेली नसते. ती हाक मारते, पण शब्द बदलून. 5-डीऑक्सीस्ट्रायगोलच्या जागी ती ऑरोबँकॉल सोडते. दोन रेणूंतला मुख्य फरक आहे कड्यांच्या जोडणीच्या दिशेचा, डाव्या-उजव्या हातासारखा. टारफुल्याला हा उलट्या हाताचा निरोप नीट कळत नाही. बुरशीला कळतो.

इथे गोष्ट सुखानं संपली असती तर बरं वाटलं असतं. पण मग असा प्रश्न येतो, की आफ्रिकेतल्या सगळ्याच ज्वारीनं हा गुण कधीच का उचलला नाही? 2020 मध्ये आफ्रिकेतल्या देशी वाणांच्या अभ्यासातून दिसलं, की हे निकामी जनुक टारफुल्याच्या पट्ट्यात आढळतं खरं, पण सर्रास नाही. आणि त्याची काही किंमत झाड मोजत असावं, अशी चिन्हंही मिळाली. शिवाय ऑरोबँकॉल हे नाव पडलं ऑरोबँकी ह्या दुसऱ्या परजीवी तणावरून, जे आपल्याकडे तंबाखूच्या मुळांवर जगतं. एका चोराला न कळणारी भाषा दुसऱ्याला येतेच.

दिवाळीच्या तोंडावर मी पुन्हा मामांकडे गेले. बशीची गोष्ट सांगितली, कापसाची सांगितली. कापसाची ऐकताना त्यांनी दोनदा मान हलवली. मग त्यांनी कोठीतून एक पाकीट आणून माझ्यासमोर ठेवलं. मायकोरायझा. "हे टाकलं सोयाबीनला. संगं डीएपीच्या दोन गोण्या. फरक काय दिसला न्हाई."

दुकानात त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं. डीएपीतून स्फुरद मुळाशी भरपूर मिळालं की झाड हाक मारायचं कमी करतं. बोलावलंच नाही तर बुरशी येणार कशी? दोन्हींचे पैसे एकाच हंगामात खर्च करायचे म्हणजे एका हातानं दार उघडायचं आणि दुसऱ्यानं लावायचं. पाकीट वाईट असं मी म्हणणार नाही. पण माती तपासून, स्फुरद किती आहे ते बघून मगच ते घ्यावं, एवढं तरी विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं.

मामा थोडा वेळ पाकिटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या इथिओपियाच्या माणसाची ज्वारी आपल्याकडं चालंल का?"

आपल्याकडचा टारफुला वेगळ्या जातीचा आहे, त्यामुळे आपल्या मातीत, आपल्या टारफुल्यावर ती पारखूनच बघावी लागेल, असं मी म्हटलं. आणि आपल्याकडचं एन-13 नावाचं एक ज्वारीचं वाण आहे, त्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या मुळाजवळ टारफुला उगवतो, भिडतोही, पण मुळाच्या आतली भिंत अशी जाड होते की त्याला आत शिरता येत नाही. जगभरचे पैदासकार ते वापरतात.

"आपलंच?" मामांनी विचारलं.

"आपल्या देशातलंच."

बोलत बोलत आम्ही बांधावर आलो. खरिपाची ज्वारी आता त्यांच्या गावात मोजक्याच रानांत उरली आहे, बाकी सगळीकडे सोयाबीन. भाद्रपदात काढलेला टारफुला त्यांनी उकिरड्यात टाकला नव्हता. शेणखतातून बी पुन्हा रानात येतं हे त्यांना माहीत होतं. गोणीत भरून ठेवलेली ती वाळकी झाडं त्यांनी बांधाच्या कडेला ओतली आणि काडी ओढली. बोंडं धरायच्या आत काढली होती, तरी त्यांनी शेवटची काटकी जळेपर्यंत काठीनं ती ढोसत ठेवली.